विम्याचा हप्ता, दवाखान्याचं बिल आणि स्पर्धा: नाशिककरांनो, तुमचा अनुभव काय?

गोदाकाठ | १२ जानेवारी २०२६, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

बाबा ६८, आई ६३. दोघांची मिळून पाच लाखांची फ्लोटर पॉलिसी आहे. २०२२ ला हप्ता २८ हजार होता, २०२४ च्या नोव्हेंबरात ४६ हजार झाला. गेल्या नोव्हेंबरात जीएसटी निघाल्यामुळे आकडा ४३ वर आला खरा, पण पावती नीट वाचली तर मूळ हप्ता दहा टक्क्यांनी वाढलेलाच होता. बाबा म्हणतात, "बंद कर. तेवढे पैसे बँकेत टाक, लागले की काढू."

मी त्यांना विरोध करत होतो. मग डिसेंबरात त्यांच्या मोतीबिंदूसाठी चौकशी करायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने कुठला डोळा, कुणाचा डोळा, काही विचारलं नाही. पहिला प्रश्न: "इन्शुरन्स आहे का?" मी म्हटलं, आधी ऑपरेशनचा खर्च सांगा. ती म्हणाली, "सर, ते इन्शुरन्सवर आहे." खूप मागे लागल्यावर तिने एका जुन्या फॉर्मच्या पाठीवर दोन आकडे लिहून दिले. रोख २८ हजार, कॅशलेस (म्हणजे बिल थेट विमा कंपनी भरणार) ४६ हजार. तेच डॉक्टर, तीच लेन्स, तेच ऑपरेशन थिएटर. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

गेल्या महिन्यात संसदेने विमा कंपन्यांत १०० टक्के परकीय गुंतवणुकीला वाट करून दिली. खासगी कंपन्या आल्या तेव्हा ही मर्यादा २६ होती, २०१५ ला ४९ झाली, २०२१ ला ७४. प्रत्येक वेळी सांगितलं गेलं की स्पर्धा वाढेल, हप्ते उतरतील, जास्त लोक विम्याखाली येतील. माझं मत असं की आरोग्यात बाजार फार झाला ही तक्रारच चुकीची आहे. बाजार अजून झालेलाच नाही. भाव आधी कळत नाही तिथे कसला बाजार? दवाखान्यांनी दर उघड लावावेत, छोटा खर्च माणसाने स्वतःच्या बचतीतून करावा, विमा फक्त मोठ्या आजाराचा असावा, आणि कंपनी बदलणं सिम कार्ड बदलण्याइतकं सोपं असावं. एवढं केलं की सगळं स्वस्त होईल, असं मला वाटतं.

चुकत असेन तर सांगा. आणि मुख्य प्रश्न: पॉलिसी ठेवू की बंद करू?

---

ओझरकर | १२ जानेवारी, रात्री ९:५२

बंद करू नका. सविस्तर उद्या लिहितो, सकाळची पाळी आहे.

---

पंचवटीकर | १२ जानेवारी, रात्री १०:१५

धाग्याशी शंभर टक्के सहमत. मिसळ खायला गेलो तर भाव पाटीवर लिहिलेला असतो, जादा पाव केवढ्याला तेही. म्हणून तर नाशकात गल्लोगल्ली चांगली मिसळ मिळते. न परवडणाऱ्या ठिकाणी माणूस दुसऱ्यांदा जात नाही. हाच नियम दवाखान्याला लावा.

---

हिशेबनीस | १२ जानेवारी, रात्री ११:०५

पंचवटीकर, मिसळ खायला तुम्ही भूक लागल्यावर जाता, चालत जाता आणि आवडली नाही तर अर्धी टाकून उठता. छातीत कळ आल्यावर माणूस पाट्या वाचत हिंडत नाही. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच हे मांडून ठेवलंय: आजार कधी येईल ते माहीत नसतं, आणि काय विकत घ्यायचं हे घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला जास्त कळतं. इतर वस्तूंचा नियम इथे जसाच्या तसा चालत नाही.

गोदाकाठ, तुमच्या बाबांच्या सूचनेवर हिशेब मांडतो. ४३ हजार दरवर्षी बाजूला टाकले तर पाच वर्षांनी व्याजासकट अडीच लाखांच्या आसपास जमतील. एका बायपासला किंवा कॅन्सरच्या सहा महिन्यांच्या उपचारांना ते पुरणार नाहीत. शिवाय आजार पाच वर्षं थांबेलच असंही नाही.

आता हप्ता का वाढतो ते पाहू. विमा म्हणजे मोठी भिशी. शंभर जण पैसे टाकतात, ज्याच्यावर वेळ येते तो उचलतो. हप्ता वाढला की आधी कोण बाहेर पडतं? धडधाकट पस्तिशीचा माणूस. "मला काय होतंय" म्हणून. राहतात ते गरज असलेले. मग हप्ता आणखी वाढतो, आणखी थोडे धडधाकट निघून जातात. शेवटी भिशीत फक्त उचलणारेच उरतात. कंपन्या दहा असोत की शंभर, परकीय पैसा २६ टक्के असो की १००, निरोगी माणूस आत राहिला नाही तर भिशी मोडणारच.

जीएसटीबद्दल: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के कर शून्य झाला. ग्रुप पॉलिसीवर तो अजून आहे. आणि ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआय या विमा नियामकाला विचारावं लागतं, हा नियम जानेवारी २०२५ चा. तुमची वाढ बरोबर दहावर थांबली ती त्यामुळे. म्हणजे तुमचे जे पैसे वाचले ते स्पर्धेने वाचवलेले नाहीत.

---

भूलतज्ज्ञ | १३ जानेवारी, सकाळी ६:३०

मी नाशकातल्या चार-पाच छोट्या हॉस्पिटलांत भूल देतो. धाग्यात डॉक्टर मंडळी लुटारू ठरण्याआधी दुसरी बाजू लिहितो.

वीस खाटांचं नर्सिंग होम चालवायचं तर तीन पाळ्यांत नर्स लागतात, जनरेटर, ऑक्सिजन, फायर ऑडिट, जैविक कचऱ्याचं बिल. मशीन आणि साहित्य घेताना आम्ही जीएसटी भरतो. उपचारावर जीएसटी नाही म्हणून तो आम्हाला वळताही करता येत नाही. तो बिलातच जातो. कॅशलेसमध्ये पैसे महिना-दोन महिन्यांनी येतात, त्यातही कात्री लागते. एक माणूस फक्त टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या मध्यस्थाच्या) ईमेलना उत्तरं द्यायला ठेवावा लागतो. रोख आणि कॅशलेस दरांत फरक पडतो त्याचं हे एक कारण.

पण १८ हजारांचा फरक या कारणांनी भरून निघत नाही, हेही मी लिहितो. तिथे "कंपनी देतेय ना" ही वृत्ती आहे, आणि ती डॉक्टरांइतकीच रुग्णांतही आहे. "विमा आहे डॉक्टर, दोन दिवस जास्त ठेवा, सगळ्या तपासण्या करून घ्या" हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. ते पैसे पुढच्या वर्षी हप्त्यातून परत जातात, हे सांगितलं तर लोकांना राग येतो.

दर लावण्याबद्दल: महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. दरफलक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. म्हणजे गोदाकाठ मागतायत तो कायदा पाच वर्षं झाली, आहेच. आपल्या दवाखान्यात तो फलक कुठे आहे ते विचारा. बिचकू नका, तुमचा हक्क आहे.

---

पंचवटीकर | १३ जानेवारी, सकाळी ८:१०

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. तो नियम मला माहीतच नव्हता. आज ऑफिसला जाताना वाटेवरच्या दवाखान्यात बघतो.

---

अंबडचा_फिटर | १३ जानेवारी, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमच्यासारख्यांचा विमा म्हणजे ईएसआयसी, सरकारी कामगार विमा. पगारातून पाऊण टक्का जायचा, मालक सव्वातीन भरायचा. आईबाप, बायको, पोरं सगळे कार्डावर. सातपूरच्या कामगार विमा हॉस्पिटलात रांग मोठी, कधी गोळ्या असतात कधी नसतात. तरी आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा खिशातून रिक्षाचं भाडं सोडून एक रुपया गेला नाही.

२०२४ ला पगार २०,६०० वरून २२,४०० झाला. घरात पेढे वाटले. २१ हजारांच्या वर गेलं की ईएसआयसी बंद होते हे कळलं ते सप्टेंबर संपल्यावर, पगारातली कपात थांबल्यावर. आता कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे, दोन लाखांची, मी बायको आणि पोरं एवढ्यांचीच. आईबाप बाहेर. त्यांच्यासाठी बाजारात गेलो तर बापाला शुगर, आईचं आधी ऑपरेशन झालेलं. एका कंपनीने नाहीच सांगितलं, दुसरीने ३८ हजार. माझी पगारवाढ वर्षाला २१,६०० आहे.

ही २१ हजारांची रेघ १ जानेवारी २०१७ ची. नऊ वर्षांत कांदा, गॅस, खोलीभाडं सगळं वाढलं, रेघ तिथेच. बाजार-बिजार मला कळत नाही, पण रेघेच्या अलीकडे सगळं आणि पलीकडे काहीच नाही, हे कुणी तरी दुरुस्त करायला पाहिजे.

---

गोदाकाठ | १३ जानेवारी, दुपारी १:४८

फिटरभाऊ, हे वाचून गप्प झालो. मी धागा काढला तेव्हा डोक्यात फक्त माझ्यासारखीच माणसं होती, ज्यांना हप्ता "जड जातो" पण भरता येतो.

---

हिशेबनीस | १३ जानेवारी, दुपारी २:३०

अंबडचा_फिटर, आईवडिलांकडे रेशनकार्ड असेलच. महात्मा फुले जनआरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली झाली आहे, पांढरं कार्ड असलं तरी. कुटुंबाला वर्षाला पाच लाख. यादीतलेच उपचार आणि यादीतलीच हॉस्पिटलं, ही अट आहे. सिव्हिलमध्ये आरोग्यमित्राचा टेबल असतो, तिथे कार्ड आणि आधार घेऊन जा. आजार आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आत्ताच नाव बघून घ्या.

---

सुरगाण्याचे_गुरुजी | १३ जानेवारी, सायंकाळी ७:१५

चर्चा चांगली चालली आहे. परंतु स्पर्धा, स्पर्धा असे सर्वजण म्हणत आहेत, म्हणून विचारतो: कोणाकोणात?

माझी शाळा ज्या गावात आहे तिथून ग्रामीण रुग्णालय २२ किलोमीटर. त्यापुढे नाशिक, घाटरस्त्याने दोन-अडीच तास. मागील पावसाळ्यात आमच्या सहावीतल्या एका मुलीच्या वडिलांना फुरसे चावले. १०८ ला फोन केला. गाडी आली, परंतु गावाच्या अलीकडे ओहोळाला पाणी होते. चार जणांनी त्यांना घोंगडीच्या झोळीत घालून पलीकडे नेले, मी कंदील धरून पुढे होतो. नाशिकला सिव्हिलमध्ये ते वाचले. उपचार फुकट झाले. परंतु बारा दिवस बायको आणि भाऊ तिथेच राहिले, भातलावणी बुडाली, जेवणाखाण्याला सावकाराकडून नऊ हजार घेतले. हे नऊ हजार कोणत्याही विम्यात बसत नाहीत.

येथे कोणताही खासगी दवाखाना स्पर्धा करायला येणार नाही, कारण येथे कमाई नाही. म्हणून जेथे बाजार येऊ शकत नाही तेथे सरकारने डॉक्टर, औषध आणि रस्ता द्यावा, आणि जेथे बाजार आहे तेथे त्याला शिस्त लावावी. दोन्हीकडे एकच औषध चालणार नाही.

---

भूलतज्ज्ञ | १३ जानेवारी, रात्री ८:४०

गुरुजी, त्या चार जणांना आणि तुम्हाला नमस्कार. फुरशाच्या दंशात रक्त गोठणं बिघडतं, प्रत्येक तास मोलाचा असतो. ग्रामीण रुग्णालयात प्रतिविषाचा साठा होता का त्या दिवशी?

---

सुरगाण्याचे_गुरुजी | १३ जानेवारी, रात्री ९:०२

होता. पहिल्या दहा कुप्या तिथेच दिल्या. म्हणूनच ते नाशिकपर्यंत टिकले.

---

देवळालीकर | १४ जानेवारी, सकाळी १०:२०

संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना.

माझी गोष्ट रूम रेंटची. तीन लाखांची पॉलिसी, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. यजमानांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला जनरल वॉर्ड भरलेला होता, म्हणून पाच हजारांची खोली घेतली. मला वाटलं, दिवसाचे दोन हजार आपण भरू. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी साडेदहाला हातातली सुई काढली, वर कापूस चिकटवला आणि नर्सताई म्हणाल्या, "फाइल खाली गेलीय." संध्याकाळी सहाला कागद आला. खोलीच नाही, सर्जनची फी, भूल, थिएटर, सगळं त्याच प्रमाणात कापलेलं. शंभरातले साठ मंजूर. ५२ हजार भरले तेव्हा गाडीत बसलो. आदल्या दिवशी मोडलेली एफडी त्यातच गेली.

पॉलिसीच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं होतं, पान ११ वर. मी पुढच्या मैत्रिणींना एवढंच सांगते, खोलीभाड्याची ओळ आधी शोधा.

---

विमेकरी_नाशिकरोड | १४ जानेवारी, दुपारी १२:१०

मी १७ वर्षं विमा प्रतिनिधी आहे. ताई, तुमच्या कंपनीने औषधं आणि इम्प्लांट यांच्यावरही कात्री लावली का? ती लावता येत नाही. लावली असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. नाशिकचं काम पुण्याच्या कार्यालयाकडे आहे. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं.

दुसरं, सकाळी फाइल खाली गेली आणि संध्याकाळी आली, हे आता चालत नाही. २०२४ च्या मे महिन्यात नियामकाने काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची आहे. उशिरामुळे खोलीचं जादा भाडं लागलं तर ते कंपनीने सोसायचं. नियम तोंडपाठ ठेवा. काउंटरवर "तीन तासांचा नियम आहे" एवढं शांतपणे म्हटलं तरी फोन फिरायला लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता आमच्या धंद्यातली चूक कबूल करतो. "बीपी लिहू नका, हप्ता वाढेल" असं सांगणारे प्रतिनिधी आहेत. त्यांचं कमिशन होतं आणि पाच वर्षांच्या आत क्लेम आला तर घराचं दिवाळं. लिहून घ्या, आजार लपवू नका. जुन्या आजारावर क्लेम मिळायची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, पूर्वी चार होती. ६५ वर्षांनंतर नवी पॉलिसी मिळत नाही ही समजूतही २०२४ पासून खोटी झाली. देतात, पण महाग देतात, हे फिटरभाऊंनी लिहिलंच आहे.

---

निफाडची_लेक | १४ जानेवारी, रात्री ९:३०

आमची द्राक्षबाग. पैसा येतो फेब्रुवारी ते एप्रिल. पॉलिसीची तारीख ऑगस्टची. ऑगस्टात शेतकऱ्याच्या घरात काय असतं ते शेतकऱ्यालाच माहीत. त्यात पुढे ऑक्टोबर छाटणीची मजुरी, डिपिंगची औषधं यांची तजवीज सुरू झालेली असते. २०२३ ला हप्ता राहिला, तीस दिवसांची मुदत होती ती पण गेली. पॉलिसी संपली. यांना शुगर आहे, चार वर्षं भरलेली प्रतीक्षा पाण्यात गेली, नव्याने शून्यापासून.

नोकरदाराला कंपनी देते, गरिबाला सरकार देतं, आणि पाच एकरवाल्याला सगळे बागायतदार म्हणतात. एक गारपीट झाली की बागायतदार आणि मजूर एकाच रांगेत उभे असतात. आमची तारीख एप्रिलची करून द्या, एवढी साधी गोष्ट कुणी ऐकली नाही.

---

विमेकरी_नाशिकरोड | १४ जानेवारी, रात्री १०:०५

ताई, आता नवी पॉलिसी मार्चअखेर सुरू करा, म्हणजे नूतनीकरण कायम द्राक्षाच्या पैशात येईल. मासिक किंवा तिमाही हप्तेही मिळतात. फक्त मासिकमध्ये सवलतीची मुदत पंधरा दिवसच असते, ते लक्षात ठेवा.

---

निफाडची_लेक | १४ जानेवारी, रात्री १०:२०

हे तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद दादा. बाग उतरली की तुमच्यासाठी पेटी.

---

उट्रेख्टहून | १५ जानेवारी, पहाटे २:४०

माहेर इंदिरानगर, सध्या नेदरलँड्स. इथे अगदी गोदाकाठ म्हणतात तसा बाजार आहे, म्हणून लिहिते.

२००६ पासून इथे सगळ्यांना खासगी कंपनीकडूनच आरोग्यविमा घ्यावा लागतो. सरकारी कंपनी नाही. दरवर्षी डिसेंबरअखेर जुनी कंपनी सोडता येते. नोव्हेंबर आला की बसस्टॉपवर, टीव्हीवर विम्याच्याच जाहिराती. पण या बाजाराला कुंपण आहे. मूळ पॉलिसीत काय असणार ते सरकार ठरवतं. कंपनी कुणालाही नाही म्हणू शकत नाही, कॅन्सरच्या रुग्णालाही नाही. एकाच पॉलिसीला वीस वर्षांच्या पोराला जो हप्ता तोच सत्तरीच्या आजीला. ज्या कंपनीकडे आजारी माणसं जास्त, तिला एका सामायिक फंडातून जास्त पैसे मिळतात. म्हणून म्हातारी माणसं टाळण्यात कंपनीला फायदा उरत नाही. कमी उत्पन्नवाल्यांना सरकार हप्त्यासाठी मदत देतं, १८ वर्षांखालची मुलं फुकट.

आणि वर्षाचे पहिले ३८५ युरो आपल्या खिशातून. फॅमिली डॉक्टरकडे जाणं मात्र त्यात धरत नाहीत, म्हणजे माणूस ताप अंगावर काढत नाही. फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मोठ्या हॉस्पिटलात सहसा कुणी घेत नाही. आईला इथे आणलं तेव्हा तिला याचाच राग आला होता, "गुडघा दुखतोय तर हाडाच्या डॉक्टरकडे का नाही?" म्हणून.

हप्ते इथेही वाढतात, लोक इथेही कुरकुरतात. पण आजारपणामुळे घर विकलं असं मी बारा वर्षांत ऐकलेलं नाही.

---

पंचवटीकर | १५ जानेवारी, सकाळी ९:००

म्हणजे सक्ती. मला सक्ती मान्य नाही. माझा पैसा, माझं शरीर. अमेरिकेतही २०१० च्या कायद्यात विमा न घेणाऱ्याला दंड होता, २०१९ पासून तो शून्य करावा लागला.

---

हिशेबनीस | १५ जानेवारी, सकाळी ९:३५

दंड शून्य झाला, पण हप्त्यासाठीची सरकारी मदत राहिली, म्हणून तो बाजार कोसळला नाही. सक्ती किंवा मदत, दोन्हीपैकी एक तरी लागतं.

आणि सक्ती तुम्ही रोज पाळता. गाडीचा थर्ड पार्टी विमा न काढता द्वारका सर्कलवरून जाऊन दाखवा. तिथे दुसऱ्याच्या नुकसानीसाठी सक्ती चालते, मग शेजाऱ्याच्या आजारपणाची भिशी टिकावी म्हणून का नको? फक्त आपल्याकडे बहुसंख्य लोक पगारपत्रकावर नाहीत. सक्ती निफाडच्या ताईंवर आणि अंबडच्या भाऊंवर कशी लावणार, याचं उत्तर नेदरलँड्सकडे नाही.

---

पंचवटीकर | १५ जानेवारी, सकाळी ९:५०

गाडीचा मुद्दा बिनतोड आहे. विचार करतो.

बाकी काल-आजात चार दवाखान्यांत फलक पाहिला. एका ठिकाणी स्वच्छ, मराठीत, अगदी दारात. एका ठिकाणी जिन्याखाली, कुंडीमागे. दोन ठिकाणी नाही. विचारल्यावर एकीकडे "रंगकाम चालू आहे" म्हणाले.

---

औषधवाला | १५ जानेवारी, दुपारी ३:१५

मेडिकल चालवतो, म्हणून थोडं. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात त्या स्टेंटचं आठवा. फेब्रुवारी २०१७ ला सरकारने कमाल किंमत बांधली, औषधी स्टेंट तीस हजारांच्या आत आला. त्याआधी लाखाच्या घरात लावत होते. कंपन्या तेव्हाही भरपूर होत्या, स्पर्धाही होती. पण ती स्पर्धा हॉस्पिटलला जास्त मार्जिन कोण देतो याची होती, रुग्णाला स्वस्त कोण देतो याची नव्हती.

उलट डोळ्यातल्या लेन्सचं बघा. मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलने १९९२ ला स्वतःचा कारखाना काढला आणि परदेशी लेन्सच्या किमतीचा कणाच मोडला. तिथे स्पर्धेने काम केलं, कारण लेन्स बनवणारा आणि ऑपरेशन करणारा दोघांचाही हेतू किंमत उतरवण्याचाच होता.

दुकानात रोज दिसतं ते सांगतो. डॉक्टरांनी ब्रँड लिहिला की माणूस दुसरी कंपनी घेत नाही, आतलं मूळ औषध तेच असलं तरी. त्यांची चूक नाही, भीती असते. विमा दवाखान्यात भरती होण्याचा असतो, आणि शुगर-बीपीच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला खिशातून जातात. त्या कुणी धरतच नाही.

---

ओझरकर | १५ जानेवारी, रात्री ८:२०

उशिराबद्दल क्षमस्व. मूळ प्रश्नाकडे येतो.

गोदाकाठ, वडील ७० चे झाले की (आधारवरचं वय धरतात) त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळेल. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाख. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. खासगी पॉलिसी असली तरी ते काढता येतं. पण ते यादीतल्या हॉस्पिटलांतच चालतं, म्हणून आहे ती पॉलिसी तोडू नका. पोर्ट करून बघा, म्हणजे तीच पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्या. २०११ पासून सोय आहे, झालेली प्रतीक्षा वाया जात नाही, मात्र नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज द्या. नवी कंपनी नाही म्हणू शकते, म्हणून तिचा लेखी होकार येईपर्यंत जुनी सोडायची नाही. माझ्या वडिलांचं याच पद्धतीने झालं, वर्षाला अकरा हजार वाचले.

---

गोदाकाठ | १७ जानेवारी, रात्री १०:३०

मंडळी, पाच दिवसांत जे शिकलो ते एरवी पाच वर्षांत शिकलो नसतो.

बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. गुरुजींचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. पॉलिसी ठेवतोय. सप्टेंबरात पोर्टिंगचा अर्ज देणार, आणि पुढच्या वर्षी वय वंदना कार्ड.

माझं मत थोडं बदललं आहे. दर उघडे हवेत, यावर मी ठाम आहे. मोतीबिंदू, गुडघा, हर्निया, बाळंतपण, जिथे माणसाला चार दिवस विचार करायला मिळतात तिथे स्पर्धा भाव उतरवू शकते. पण अंबडच्या भाऊंच्या वडिलांना "नाही" म्हणायची मोकळीक कंपन्यांना आहे तोवर त्या स्पर्धेचा त्यांना काही उपयोग नाही, हे मला दिसत नव्हतं. कंपन्यांत स्पर्धा हवी ती चांगल्या सेवेची. निरोगी माणसं वेचून घेण्याची नको.

शाई फुटलेला तो कागद खिशात घेऊन काल-आज आणखी तीन ठिकाणी गेलो, गंगापूर रोड, मुंबई नाका आणि नाशिक रोड. यावेळी आधीच सांगितलं, "नियमाप्रमाणे दरफलक दाखवा." एकाच डोळ्याचं, एकाच प्रकारच्या घडीच्या लेन्सचं ऑपरेशन: २२ हजार, २६ हजार, ४१ हजार. पहिल्या ठिकाणी रोख आणि कॅशलेस एकच भाव. बाबांचं ऑपरेशन तिथे, येत्या गुरुवारी.

ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या भागातले असे आकडे इथे लिहा. हॉस्पिटलचं नाव नको. भाग, ऑपरेशन, रोख दर, कॅशलेस दर, फलक होता की नाही, एवढंच. मी रविवारी बसून एकत्र करतो.

---

पंचवटीकर | १७ जानेवारी, रात्री १०:४४

पंचवटी, हर्निया दुर्बिणीने: रोख ५५, कॅशलेस ७८. फलक कुंडीमागे.

---

अंबडचा_फिटर | १७ जानेवारी, रात्री ११:१०

हिशेबनीससाहेब, आज सुट्टी टाकून सिव्हिलला गेलो होतो. आईबापाचं नाव योजनेत निघालं. कागदाचा फोटो काढून ठेवलाय.

---

भूलतज्ज्ञ | १८ जानेवारी, सकाळी ६:१५

गोदाकाठ, ऑपरेशनच्या दिवशी बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीचं काय करायचं ते तिथल्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या. बहुतेक सकाळची घ्यायला सांगतील, मनाने बंद करू नका.

---

देवळालीकर | १८ जानेवारी, सकाळी ७:५०

देवळाली कॅम्प आणि भगूरचे आकडे उद्या टाकते. लोकपालाचा फॉर्मही भरायला घेतलाय, पान ११ ची झेरॉक्स जोडून.